धायरीच्या बाईंचा पहिला जबाब

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं. छत्तीस वर्षं खाकी घातली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं निम्मं आता आठवतही नाही. मात्र कोथरूडच्या बाजूच्या एका खासगी रुग्णालयातला एक साधा अकस्मात मृत्यू काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा त्या हद्दीतल्या ठाण्याचा प्रमुख होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सकाळची हजेरी चालू असताना रुग्णालयातून खबर आली. धायरीचे एक्काहत्तर वर्षांचे गृहस्थ, अर्धांगवायूचा हलका झटका आला म्हणून आदल्या दिवशी दाखल झालेले. सकाळच्या गोळ्या घेतल्या, थोड्या वेळात गुदमरले आणि गेले. मी एका जुन्या हवालदाराला पाठवलं. पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. श्वासनलिकेत एक गोळी अडकलेली सापडली.

रुग्णालयाचा खुलासा आमच्या माणसाच्या आधी तयार होता. नर्सने गोळ्या नीट दिल्या होत्या. त्यातली एखादी गालात राहिली असावी, मग पत्नीने सूचना मोडून चहा पाजला आणि चहाबरोबर ती सरकली. व्यवस्थापकांनी हे त्या बाईंना वॉर्डातच, मुलासमोर ऐकवलं होतं. इतकी तत्परता आदल्या दिवशी दाखल करून घेताना दाखवली असती तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

तीन दिवसांनी मुलगा आईला घेऊन ठाण्यात आला. आयटीतला, शिकलेला. त्याला तक्रार करायची नव्हती, मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद हवे होते. "सर, कम्प्लेंट वगैरे काही नाही. आमच्याच घरची मिस्टेक आहे," असं तो आईकडे न बघता म्हणाला. बाई शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसल्या होत्या. गेलेला माणूस परत येणार नव्हता, पण या बाईंना उरलेलं आयुष्य नवऱ्याला मारल्याचा ठपका घेऊन काढायचं होतं, आणि तोही पोटच्या मुलाने मान्य केलेला. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा काही तपास नव्हे. मी प्रकरण बंद करण्याच्या बेतात होतो.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या फाटकाशी एक बाई थांबलेली दिसली. त्या वॉर्डातली आया. आत यायला तयार नव्हती, म्हणून मीच बाहेर गेलो.

"साहेब, निस्ती त्यांचीच फाइल काय बघताय?" ती म्हणाली. "शेजारच्या खाटांच्या बी बघा. समद्यांचं एकच लिवलेलं हाय."

एवढं बोलून ती रस्ता ओलांडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी पंच घेऊन रुग्णालयात गेलो आणि वॉर्डातल्या झाडून सगळ्या फाइली जप्त केल्या. व्यवस्थापकांनी वकिलांना फोन लावला. वकिलांनी मला कायदा शिकवला, मी ऐकून घेतला आणि फाइली उचलल्या.

रुग्ण दाखल झाला की नर्सने त्याच्याजवळ बसून एक तक्ता भरायचा असतो. आधीची औषधं कोणती, कशाची ऍलर्जी आहे का, गिळता येतं का. अर्धांगाच्या रुग्णाला तर घोटभर पाणी देऊन बघायचं असतं, ठसका लागतो का ते. त्यावरून औषध तोंडाने द्यायचं की नळीतून, ते ठरवायचं. धायरीच्या गृहस्थांच्या तक्त्यात लिहिलं होतं, 'गिळणे: व्यवस्थित. गोळ्या पाण्यासोबत.' शेजारच्या फाइलीत तेच. त्याच्या पलीकडे तेच. पाचवी फाइल मधुमेहाने एक पाय कापलेल्या माणसाची होती. त्यात लिहिलं होतं, 'दोन्ही पाय: सूज नाही.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग महिला हवालदारांना घेऊन येरवड्याला गेलो. वॉर्डातली ती नर्स तिथे दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. चंद्रपूरकडची, चोवीस वर्षांची. दार उघडताच तिला रडू फुटलं. तिच्यावर ओरडायची गरजच पडली नाही. मी पाय कापलेल्या माणसाचा तक्ता समोर ठेवला आणि गप्प बसलो. चौकशीत गप्प बसणं अनेकांना जमत नाही, पण काम त्यानेच होतं.

तिने सगळं सांगितलं. एका पाळीत अठरा रुग्ण आणि ती एकटी. तपासणीचं पथक कधीही यायचं, म्हणून मुख्य परिचारिकेने एक नमुना तक्ता करून दिला होता. तो उतरवायचा, नाव बदलायचं, सही करायची. रुग्णाजवळ बसायचं राहून जायचं.

"सर, फॉर्म रिकामा राहिला तर मेमो मिळते," ती म्हणाली. "खोटा भरला तर नाही मिळत."

त्या सकाळी पहिल्याच घोटाला बाबांना ठसका लागला होता. 'हळू घ्या' म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली. परत धावत आली तेव्हा त्यांचा चेहरा निळा पडला होता. मी चहाचं विचारलं. ती म्हणाली, चहा स्टुलावर होता, काठोकाठ भरलेला. त्यावर साय धरली होती.

म्हणजे बाईंनी चहा दिलाच नव्हता. मग आमच्या कागदात काय होतं? ठाण्यात परत येऊन मी हवालदाराने पहिल्या दिवशी घेतलेला बाईंचा जबाब काढला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'मी पतीस चहा पाजला व लगेच त्यांना ठसका लागला.' शेवटी नेहमीची ओळ होती, जबाब वाचून दाखविला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. खाली 'समक्ष' आणि माझी सही. तो जबाब झाला त्या वेळी मी आयुक्तालयात बैठकीला होतो. संध्याकाळी पंधरावीस कागदांबरोबर त्यावरही सही ठोकली होती.

मी तडक धायरीला गेलो. बाई एकट्याच होत्या. मी म्हणालो, "ताई, तुमच्या हातून काही झालेलं नाही."

"मुलाला सांगितलं, त्याला वाटलं मी लपवतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या हवालदारांना सांगितलं, चहा आणला होता म्हणून. त्यांनी हॉस्पिटलचा कागद पुढ्यात ठेवून बाकीचं लिहिलं. अहो, घरी दोन दिवस यांना पाणी पितानासुद्धा ठसका लागत होता. कुणीतरी विचारायला हवं होतं. तिथे नाही विचारलं, तुमच्याकडेही नाही."

मी त्यांचा पुरवणी जबाब स्वतः घेतला, शब्दन् शब्द वाचून दाखवला. सरकारी डॉक्टरांच्या समितीचा अभिप्राय मागवला, आणि नर्स व मुख्य परिचारिका यांच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचं दोषारोपपत्र गेलं. एका पाळीत एकच नर्स ठेवणाऱ्या संचालकांची सही कुठल्याच कागदावर नव्हती. ते सुटले. मुलगा म्हणाला, कोर्ट काय म्हणतं ते बघू.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. बचाव पक्षाच्या वकिलांनी बाईंचा पहिला जबाब वाचला. बाई म्हणाल्या, असं मी सांगितलंच नव्हतं. मग माझी पाळी आली.

"हा जबाब तुमच्या समक्ष, बाईंच्या सांगण्याप्रमाणे नोंदवला आणि त्यांना वाचून दाखवला. बरोबर?" वकिलांनी विचारलं.

'नाही' म्हटलं असतं तर तो कागद तिथेच बाद झाला असता. पण हवालदाराची नोकरी अजून शिल्लक होती, आणि माझं पेन्शन, माझं नाव, छत्तीस वर्षांच्या सगळ्या सह्या. बाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या, मुलगा दोन बाकं मागे.

"हो," मी म्हणालो.

पहिल्या जबाबात एक आणि नंतर दुसरं, म्हणून बाईंची साक्ष अविश्वसनीय ठरली. नर्सने पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. नर्स सुटली याचं मला दुःख नाही. तिने निदान येरवड्याच्या त्या खोलीत, रडत का होईना, आपण रुग्णाला विचारलं नव्हतं हे कबूल केलं होतं. बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही तिथे नव्हतात ना?"

मुलगा तोवर त्यांना न घेताच गाडी काढून निघून गेला होता. बाई रिक्षा बघत फाटकाकडे गेल्या.

या प्रकरणाने काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की माणसाजवळ बसा, त्याला विचारा आणि मगच लिहा. ते वहीत उतरवून घेतात. कोर्टात मी काय बोललो ते मात्र मी त्यांना सांगत नाही. सरकारी दप्तरात आजही त्या बाईंनीच नवऱ्याला चहा पाजलेला आहे, आणि त्याखाली सही माझी आहे.