हात लावला की आकडा पडायचा

काल सकाळी पेणच्या हॉस्पिटलमध्ये मी माझ्या लेकीला नीट हात लावला... ती एकोणीस दिवसांची आहे.

सातव्या महिन्यातच झाली. वजन किलोभरही नाही. पहिल्या दिवसापासून काचेच्या पेटीत, व्हेंटिलेटरवर, तोंडात नळी, पायाला एक पट्टी. त्या पट्टीमुळे स्क्रीनवर तिच्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो.

नवरा रोह्याला कंपनीत, त्याची रजा संपली. मी इथे जवळच रामवाडीत खोली घेऊन राहतेय. आत एका वेळी एकालाच सोडतात. तसंही माझ्याबरोबर कोणी नसतंच...

मागच्या आठवड्यात मी तिच्या दंडावरून बोट फिरवलं आणि नव्वदच्या वरचा आकडा एकदम बहात्तरवर आला. अलार्म वाजला, ओठ निळसर झाले. सिस्टर धावत आल्या, मला बाजूला व्हायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

मग मी हात लावणंच सोडलं. पाच दिवस पेटीशेजारी नुसती उभी राहायचे. नवरा फोनवर विचारायचा, "आज हात लावलास?" मी "हो" म्हणायचे...

काल तिथल्या वयस्कर सिस्टरनी विचारलंच. "हात का नाय लावत गो तिला?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "माझ्यामुळे आकडा पडतो."

त्यांनी स्क्रीनवर आदल्या रात्रीची नोंद काढून दाखवली. "ह्या टायमाला तू होतीस काय? नाय ना? तरी पडला. फुप्फुसं कोवळी हायत, मशीन असलं तरी ही पोरं मधेच श्वास धरून ठेवतात. तुझा काय दोष नाय."

मग शिकवलं. बोट फिरवायचं नाही, तिला ते सोसत नाही. एक तळवा डोक्यावर, एक पावलांवर... आणि हलायचं नाही.

मी हात ठेवले. थोड्या वेळाने आकडा पडायला लागला. शहाऐंशी... ब्याऐंशी... मी हात काढणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मी हाय ना." त्यांचं लक्ष बाळाच्या छातीवर होतं. आकडा हळूहळू वर आला. चौऱ्याऐंशी... नव्वद. माझे हात तिथेच होते.

बाहेर येऊन नवऱ्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "एकटीने कशाला सोसलंस गं..."

नळी अजून आहे. डॉक्टर अजून कशाचीच खात्री देत नाहीत. आजही आकडा दोनदा पडला, पण मी मागे सरकले नाही.

सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून... नाहीतर मी अजून तिच्यापासून वीतभर लांबच राहिले असते.