नऊ नंबरच्या टाकीचा रंग

टाकीकाकांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, हे जगात एकाच बाईला माहीत होतं आणि तिने त्यांच्याशी लग्न केलं होतं. पहिल्या भेटीतच त्यांनी तिच्या हिरव्या स्वेटरची तोंडभरून स्तुती केली होती. स्वेटर विटकरी होता. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही आणि मनाशी ठरवलं, की माणूस खोटं बोलणारा नाही, त्याला फक्त दिसत नाही.

पुढे ती शिवणाच्या दोऱ्यांच्या दुकानात लागली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पुढे करी, ती भिंतीवरच्या तक्त्याकडे नजर टाकी आणि नेमकं रीळ काढून देई. काका लागले मत्स्यालयात. तिथे त्यांच्याकडे नऊ नंबरची टाकी आली, म्हणजे माकुलाची. आठ आखूड हात, दोन लांब हात, हाड एकही नाही, आणि क्षणात अंगाचा रंग बदलणार. अख्ख्या इमारतीत असं जनावर एकच होतं.

माकूल जगून जगून वर्षभर जगतं. पंचवीस वर्षांत काकांच्या हाताखालून तीसेक माकुलं गेली. प्रत्येक गेलं की काका एक दिवसाची रजा टाकत आणि कारण ‘घरगुती’ असं लिहीत. माकुलाच्या मनात काय चाललंय ते त्यांना त्याच्या हातांच्या ठेवणीवरून कळायचं. नोंदवहीतल्या रंगाच्या रकान्यात ते दर दोन तासांनी तेच लिहीत: ‘स्वस्थ’, ‘खेकडा पाहिला’, ‘काच पुसणाऱ्याचा राग’, ‘रुसलं आहे’. ती वही कधी कोणी उघडली नाही, त्यामुळे कारभार उत्तम चालला होता.

मग नव्या अधीक्षकबाई आल्या आणि त्यांनी वही उघडली. काकांना बोलावून त्यांनी शांतपणे सांगितलं, की रुसणं हा रंग नाही. दुसऱ्याच दिवशी चोवीस छटांचं, क्रमांक घातलेलं छापील कार्ड आलं. यापुढे छटेचा क्रमांक लिहायचा. ज्याला जमणार नाही त्याची बदली तिकीटखिडकीवर. तिथे मोठ्यांचं तिकीट लाल होतं आणि लहानांचं हिरवं. पण काकांना त्याची एवढी धास्ती नव्हती. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि तिकीटखिडकीत माकूल नव्हतं, हे त्यांना सोसवेना.

तोडगा काकूंनी काढला. सलग तीन रविवार त्या कार्ड मांडीवर घेऊन टाकीसमोर स्टुलावर बसल्या. काकांनी माकुलाला कधी खेकडा दाखवायचा, कधी जाळी, कधी दिवा घालवायचा, आणि काकूंनी प्रत्येक मनःस्थितीचा क्रमांक टिपायचा. मग कार्डाची दुसरी प्रत दुकानातल्या खिळ्यावर लटकली आणि सोमवारपासून पंपाच्या खोलीतून फोन सुरू झाले.

“काय करतंय?”

“तळाला बसलंय. हात आवळून घेतलेत. आपण त्या गावचेच नाही असा चेहरा केलाय.”

“वाळू तीच ना, रविवारी होती ती? मग वाळूचाच रंग, सतरा लिहा. आणि जरा थांबा हो, इथे एक बाई पँट घेऊन उभ्या आहेत.”

वर्षभरात बाराशेच्या वर नोंदी झाल्या. त्यानंतर एक संशोधक मुलगी कॅमेरा घेऊन आली. तिने दोन महिन्यांचं चित्रण काकांच्या वहीशी ताडून पाहिलं तर एकही नोंद चुकली नव्हती. अशी नजर आपण पाहिली नाही, असं ती अधीक्षकबाईंना म्हणाली. मात्र एका गुरुवारी, कॅमेरा दुरुस्तीला गेलेला असताना, वहीत दोनदा ‘बावीस’ होतं. कार्डावर बावीस म्हणजे पोपटी.

झालं होतं असं, की त्या गुरुवारी दुकानात नव्या कंपनीच्या दोऱ्यांचा तक्ता आला आणि दुकानदाराने तो त्याच खिळ्यावर, कार्डावर अडकवला. काकूंनी सवयीने वर पाहिलं, वाळूची छटा शोधली आणि तिचा क्रमांक वाचला. दोऱ्यांत वाळू बावीस नंबरला होती.

आजवर अख्खं पोपटी माकूल कोणी पाहिलेलं नव्हतं. मुलगी हुरळून गेली. अधीक्षकबाईंनी मत्स्यालयाच्या मंडळाच्या अध्यक्षांना बोलावलं. अध्यक्षांचं आयुष्य वकिलीत गेलेलं, त्यामुळे ते येताना कार्डावरच्या क्रमांकांवर कागद चिकटवूनच आले. टाकीसमोर उभं राहून त्यांनी काकांना विनंती केली, की तो रंग तेवढा बोटाने दाखवावा.

काकांनी कार्डाकडे बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवलं. ते गडद लालवर पडलं.



“मला दिसत नाही, साहेब,” काका म्हणाले. “लाल-हिरवं कधीच दिसलेलं नाही.”

“मग एवढ्या नोंदी बरोबर कशा?”

“त्याला काय वाटतंय ते मी बायकोला सांगतो. रंग ती सांगते.”

“आणि त्या कुठे असतात?”

“दोऱ्याच्या दुकानात.”

अधीक्षकबाईंनी बदलीचा कागद मागवला. मुलीचा पोपटी शोध बुडाला होता, पण ती मनाने चांगली होती. तिने मधे पडून समजावायला घेतलं. माकुलाच्या कातडीत रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात, पिवळ्या, लाल, तपकिरी. प्रत्येकीला भोवतीने स्नायूंचे धागे. धागे ताणले की पिशवी छत्रीसारखी पसरते आणि रंग दिसतो, सैल सोडले की ती मिटून ठिपका होते. खालच्या थरात आरशासारख्या पापुद्र्यांवरून उजेड परततो. हुकूम थेट मेंदूतून सुटतात, म्हणून पापणी लवायच्या आत सगळं अंग बदलतं. लपायला, शत्रूला दचकवायला, जोडीदाराला रिझवायला, दुसऱ्या माकुलाला सुनवायला. तेव्हा रंग मनामागून येतो, आणि काका मनच बघत होते. शेवटी ती म्हणाली, की जवळपास सगळी माकुलं स्वतः रंगांधळीच असतात.

अध्यक्षांनी चष्मा काढला.

“म्हणजे या जनावराला स्वतःला रंग कळत नाहीत?”

“नाही.”

“आणि तरी ते इथे रंगाचंच काम करतं?”

मुलीने होकारार्थी मान हलवली. अध्यक्ष म्हणाले, की मग एकाच कारणावरून एकाला हलवायचं आणि दुसऱ्याला ठेवायचं हा उघड पक्षपात झाला, कोर्टात एक दिवस टिकणार नाही. त्यांनी दोघांनाही नोटिसा काढायला सांगितल्या. दोघांचे खुलासे एकत्रच विचारात घ्यावेत, तोवर दोघांनी आपापल्या जागी काम करावं. माकुलाची नोटीस टाकीच्या काचेवर चिकटवण्यात आली, मजकूर आतल्या बाजूला.

काकांनी त्याच दुपारी चार ओळींत खुलासा दिला. माकुलाचा आला नाही. महिन्याभरात ते वारलं, काकांनी घरगुती कारणाची रजा टाकली आणि अधीक्षकबाईंनी प्रकरण संपलं का, असं लेखी विचारलं. अध्यक्षांनी उलट टपाली कळवलं, की नोटीस व्यक्तीवर नसून पदावर आहे. नवं माकूल आलं ते नोटिशीसकट रुजू झालं. त्याने खुलासा दिला नाही. त्यानंतरच्यानेही नाही.

काका टाकीवरूनच निवृत्त झाले. त्यांच्या जागेची जाहिरात अधीक्षकबाईंनी स्वतः लिहिली. नजरेची अट त्यांनी काढून टाकली होती. त्याऐवजी उमेदवार विवाहित असावा, असं होतं, आणि जोडीदार दोऱ्याच्या दुकानात असल्यास प्राधान्य.