शिसं नको होतं

आई गेली आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही आप्पांना बहरीनला घेऊन आलो. आप्पा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातली सगळी कारकुनी त्यांनी धरणाच्या कॉलनीत राहून केली. निवृत्तीनंतर पुण्यात माझ्या भावाकडे राहायला गेले, पण त्यांचं मन त्या धरणाच्या पाण्यावरून कधी उठलं नाही. रविवार म्हणजे गळ टाकून बसणं, हे त्यांचं ठरलेलं. भाऊ त्यांच्याबरोबर जायचा. मला माशांचा वास सोसायचा नाही, म्हणून मी घरी आईजवळ थांबायची. गळाचा आणि माझा संबंध एवढाच.

आम्ही राहतो तो गुदैबियाचा भाग त्यांना आवडला. खाली इडलीचं हॉटेल, पलीकडे भाजीचं दुकान. "हा कसला परदेश? इथं मेथीची जुडी मिळते," असं ते भावाला फोनवर सांगायचे. मी एका कंपनीत अकाउंट्स बघते, नवरा इंजिनिअर. आम्ही दोघं कामावर गेलो की ते खाली एक फेरी मारून यायचे आणि कोणकोण भेटलं ते संध्याकाळी सांगायचे.

एका सकाळी ते दाढी करत होते. मी डबा भरत होते. नळ बराच वेळ चालू राहिला म्हणून बघायला गेले, तर अर्ध्या गालावर फेस तसाच, आणि ब्रश बेसिनमध्ये पडलेला. "काय झालं आप्पा?" मी विचारलं.

"परवा," ते म्हणाले.

मला वाटलं, परवाचं काहीतरी सांगतायत. मग त्यांच्या तोंडाचा कोपरा खाली घसरलेला दिसला.

सलमानियाच्या हॉस्पिटलात त्यांना लगेच दाखल करून घेतलं. जीव वाचला. उजवा हात मात्र लुळा पडला, पाय ओढत चालता येऊ लागलं, आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे एकच शब्द उरला. परवा. पाणी हवं असलं तरी परवा, उकडत असलं तरी परवा. डॉक्टरबाईंनी मला समजावलं की त्यांना आपलं बोलणं बरंचसं कळतं, त्यांना सांगायचं काय तेही ठाऊक असतं, पण शब्द सापडत नाही. लिहिताही येत नव्हतं. मान हलवून हो-नाही करतील म्हणावं, तर त्यातही घोळ व्हायचा. हो म्हणायचं असताना मान आडवी जायची आणि मग स्वतःवरच चिडून ते "च्यायला!" म्हणायचे. हे मात्र स्वच्छ, अगदी पूर्वीच्या आवाजात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आणि नवरा आनंदाने एकमेकांकडे बघतच राहिलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं होतं. शिवी वेगळ्या वाटेने येते.

विमानाने न्यायला इतक्यात परवानगी नव्हती. व्हिसा वाढवून घेतला. आप्पा हॉलमधल्या खुर्चीत बसून राहू लागले. भाऊ रोज व्हिडिओ कॉल करायचा. "अगं, त्यांना विचार ना काय हवंय," म्हणायचा. मी विचारत नव्हते असं त्याला वाटत होतं की काय कोण जाणे.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने सुचवलं, पूर्वी ज्याची आवड होती ते त्यांना करू द्या. मी म्हटलं, "आप्पा, मासे धरायला जाऊ या का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मान कुठे हलते ते बघायची गरज नव्हती.

नईमच्या बाजूला मासेमारीच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदार केरळचा, मध्यमवयाचा, शांत माणूस. आप्पांना स्टुलावर बसवून मी म्हटलं, "भैया, इनको मछली पकड़ने का सामान चाहिए."

"कौनसी मछली? हामूर? शेरी? साफी?"

मी आप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "परवा."

मी दुकानदाराला सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि काउंटरवर गळांची पाकिटं मांडायला सुरुवात केली. एवढे प्रकार असतील असं मला वाटलंच नव्हतं. सरळ दांड्याचे, आत वळलेल्या टोकाचे, लांब मानेचे, काळे, चंदेरी. नंबरचं गणितही उलटं. नंबर वाढला की गळ लहान, आणि पुढे शून्य लावलेले नंबर आले की वाढेल तसा मोठा. दिवसभर आकड्यांत वावरणारी मी तिथे गोंधळून उभी. आप्पांनी डाव्या हाताने पाकिटं चाळली आणि एक बारीक गळ लगेच बाजूला काढला. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, जमतंय.

मग दुकानदाराने शिशाची वजनं काढली. गोल, लांबट, पिरॅमिडसारखी. आप्पांनी ती ढकलून दिली. त्याने हलकी काढली. तीही ढकलली. मी म्हटलं, "जड हवंय का, आप्पा?" मान हलली. उभी की आडवी ते मला कळलं नाही. मी सगळ्यात जड वजन त्यांच्या तळहातावर ठेवलं, तर त्यांनी ते काउंटरवर आपटलं.

"परवा! परवा, परवा!"

त्यांनी हवेत बोट धरलं आणि वर-खाली, वर-खाली केलं. दुकानदाराने लगेच नकली मासा आणून दिला. नाही. फिरकी असलेली कडी दाखवली, तारेचा तुकडा दाखवला. नाही. मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसातून बाहेर येऊन जिन्यात उभा राहिला. "अगं, मरळीला ते मोठा गळ लावायचे, बेडूक लावून. मोठा गळ दाखव." मोठा गळ दाखवला. आप्पांनी फोनच्या पडद्यावर हात मारला. "मग मला नाही सांगता येत गं. समुद्रात शिसं तर लागणारच," भाऊ म्हणाला. त्याचाही आवाज रडवेला झाला होता.

दुकानदार समजावू लागला की शिशाशिवाय इथे दोरी टिकत नाही, वारा उडवून नेतो. खरंच असेल. आप्पा रडू लागले. आजारानंतर त्यांना रडू पटकन यायचं, पण हे तसलं नव्हतं. मी शेवटी बारीक गळ, दोरी, हलकी काठी आणि त्यांना नको असलेलं शिसं असं सगळं घेतलं. दुकानदाराने गळांचं एक पाकीट वरून फुकट दिलं आणि दारापर्यंत येऊन आप्पांचा डावा हात हातात घेतला. म्हणाला, "अंकल, इंशाल्ला."

शुक्रवारी सकाळी आम्ही मुहर्रकच्या बाजूला किनाऱ्यावर गेलो. खडकांच्या अलीकडे गाडी लावता येते आणि चार पावलांवर पाणी. आप्पांना घडीच्या खुर्चीत बसवलं. नवऱ्याने मोबाईलवर बघून गाठी मारल्या. कोळंबीचा तुकडा लावला आणि दोरी फेकून काठी आप्पांच्या डाव्या हातात दिली. शिसं बुडलं ते खडकांच्या सांदीत जाऊन अडकलं. ओढलं तर दोरी तुटली. पुन्हा बांधलं, पुन्हा तुटली. आप्पा समुद्राकडे बघायचेच थांबले. हनुवटी छातीला टेकवून बसले. नवरा मला हळूच म्हणाला, "चल, निघू या. त्यांना त्रास होतोय." मला ते पटत होतं, पण निघण्यासाठी त्यांना उठवायचं धाडस होत नव्हतं.

मी सामान आवरू लागले, तशी आप्पांनी काठी टाकली आणि पायाशी, पाण्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे लाटांनी आणलेला कचरा होता. मी एकेक उचलून दाखवू लागले. शिंपला? नाही. दोरीचा तुकडा? नाही. कॅन? "च्यायला!" मग बोटाएवढा थर्माकोलचा तुकडा हाती आला आणि आप्पांनी तो माझ्या हातातून ओढूनच घेतला.

तेव्हा मला कळलं. कॉलनीतल्या आमच्या खिडकीत आप्पांची बुचं वाळत असायची. मोराच्या पिसाचे देठ कापून, टोकाला लाल रंग देऊन ते ती करायचे. गळ पाण्यात, आणि बूच वर तरंगत. मासा लागला की ते डुबुक्कन खाली जातं. त्यांचा रविवार त्या लाल टोकाकडे बघण्यात जायचा. आईच म्हणायची, "त्यांना मासा नकोच असतो, नुसतं बघत बसायचं असतं." एवढ्या वेळात मला, भावाला, दुकानदाराला, कुणालाही तरंगणारं काही सुचलं नव्हतं. सगळे बुडवणारंच दाखवत होतो.

"आप्पा, बूच?" मी विचारलं.

त्यांनी तो तुकडा दोरीला लावून धरला.

नवऱ्याने थर्माकोलला पिनेने भोक पाडलं. शिसं काढून टाकलं. खडकांच्या आतल्या बाजूला पाणी जरा शांत होतं, तिथे दोरी सोडली. पांढरा तुकडा हलत राहिला आणि आप्पा पुढे वाकून त्याच्याकडे बघू लागले. तो बुडायचा, त्यांना ते बरोबर दिसायचं, पण डावा हात झटका देईपर्यंत उशीर व्हायचा. कोळंबी गायब, गळ रिकामा. पुन्हा लावायचं, पुन्हा तेच. डोळ्यांना सगळं येत होतं, हात ऐकत नव्हता. नवऱ्याने मागून हात लावायला घेतला, तर त्यांनी तो कोपराने दूर केला.

बऱ्याच वेळाने एक मासा लागला. तळहाताएवढा, ठिपक्यांचा. साफी. नवऱ्याने ओढून खडकावर घेतला आणि मी आनंदाच्या भरात तो हाताने पकडला. आयुष्यात पहिल्यांदा पकडलेला मासा. त्याच्या पाठीवरचे काटे माझ्या अंगठ्याच्या मुळाशी घुसले. काट्यात विष असतं हे मला माहीत नव्हतं. कळ खांद्यापर्यंत गेली आणि मी खालीच बसले.

आप्पा उठू पाहत होते. उठता येत नव्हतं. "परवा! परवा!" ते ओरडत होते, आणि मला वाटतं ते मला काहीतरी नेमकं करायला सांगत होते, कारण ओरडता ओरडता डाव्या हाताने खुणाही करत होते. आम्हाला एकही खूण कळली नाही. पलीकडे गळ टाकून बसलेले एक बहरीनी आजोबा धावत आले, हात बघून म्हणाले, "माय हार! गरम पानी, यल्ला!" नवरा रस्त्यापलीकडच्या कोल्ड स्टोअरकडे पळाला. त्या छोट्या दुकानातून त्याने चहाचं गरम पाणी कागदी ग्लासांत मागून आणलं आणि सोसेल तेवढं गरम माझ्या हातावर ओतलं. कळ हळूहळू उतरली.

तोवर आप्पा खुर्चीवरून घसरून माझ्याजवळ जमिनीवर आले होते. माझं मनगट त्यांनी डाव्या हातात घट्ट धरलं होतं आणि त्यांचं तोंड हलत होतं. शब्द शोधत होते. मी म्हटलं, "आप्पा, राहू दे. बरं वाटतंय मला." पण ते शोधतच राहिले. मला वाटत होतं, आता येईल, आता येईल. आला नाही. त्या आजोबांनी मासा सोडवून पाण्यात टाकला आणि त्यांनी व नवऱ्याने मिळून आप्पांना वर खुर्चीत बसवलं.

त्यानंतर आम्ही आणखी काही शुक्रवार गेलो. मासा पुन्हा लागला नाही. मग डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली आणि भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. विमानतळावर व्हीलचेअर आत वळली तेव्हा आप्पांनी मागे बघायला मान वळवली, पण ती उजवीकडे पुरती वळत नव्हती.

पुण्यात त्यांना बोलायला शिकवणारी एक बाई रोज येऊ लागली. एकदा दुपारी मी ऑफिसात असताना भावाचा फोन आला. तो अक्षरशः ओरडत होता. "बोलले गं! पूर्ण वाक्य! हिला म्हणाले, पंखा बारीक कर!"

मी मीटिंग सोडून बाहेर आले. "मला ऐकव ना."

"आप्पा, ताईला सांगा. पंखा काय?"

फोन त्यांच्या कानाशी गेल्याचं मला कळलं. श्वास ऐकू येत होता. मागे भावाची बायको म्हणत होती, "सांगा ना आप्पा, आत्ता म्हणालात तसं." खूप वेळ श्वासच येत राहिला. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होते. येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते.

"असू दे आप्पा," मी म्हटलं. "सांगते मी त्यांना, बारीक करायला."

आणि भावाला पंखा बारीक करायला सांगितलं.