साहेबांना अडवायचं कुणी

महाविद्यालयात मी फुटबॉलच्या संघात डाव्या बगलेला खेळत असे. पुढे लष्करात अधिकारी झालो. दोन्हींत फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी माझे कुणी ऐकत नसे. निवृत्तीनंतर कंग्राळीला, माझ्या गावी, परतलो, तेव्हा मला त्या पहिल्या ठिकाणी परत जायचे होते.

भात कापून मोकळ्या झालेल्या शिवारात आमच्याकडे रविवारी सकाळी पन्नाशी ओलांडलेली माणसे फुटबॉल खेळतात. खांब बांबूचे, हद्द चुन्याची. संघ दर वेळी नव्याने वाटून घेतात. खेळणाऱ्यांत निवृत्त फौजी निम्म्याहून अधिक. या भागात घराआड एक तरी असतोच.

पहिल्या रविवारी त्यांनी मला खुर्ची दिली आणि फेटा बांधला. मी खेळायचे बूट घालून आलो आहे, हे कुणाच्याही ध्यानात आले नाही. फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि मैदानात उतरलो.

आमच्या बाजूचा गोलरक्षक महाविद्यालयापासूनचा माझा सोबती. वडगावात राहत्या घरीच त्याचे यंत्रमाग आहेत. त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही.

चेंडू माझ्याकडे आला. समोर एक निवृत्त सुभेदार बचावाला होता. तो बाजूला सरला आणि अदबीने म्हणाला, "या साहेब." त्यांच्या गोलरक्षकाने चेंडूच्या विरुद्ध दिशेला उडी घेतली. गोल झाला. टाळ्या पडल्या. एवढा सोपा विजय मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. मला तो नको होता. माझ्या पायातला चेंडू कुणीतरी हिसकावून घ्यावा, एवढ्यासाठीच मी आलो होतो.

थोड्या वेळाने उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत काम केलेला एक गडी चेंडू घेऊन आमच्या गोलकडे धावला. आमचे बचावाचे दोघेही एकाच वेळी त्याच्यावर तुटून पडले. ते एकमेकांवर आदळणार हे पाहून मी त्यांतल्या एकासाठी कवायतीच्या आवाजात ओरडलो, "थम!"

दोघेही माजी हवालदार. दोघेही टाचा जुळवून जागच्या जागी उभे राहिले. पलीकडच्या टोकाला सुभेदारही थांबला. फौंड्रीचा गडी कधी फौजेत नव्हता. तो दोघांच्या मधून निवांत गेला आणि गोल करून आला.

माझा सोबती गोल सोडून थेट माझ्यापाशी आला.

"काय रं हे? पंधरा ऑगस्ट हाय व्हय आज?"

"हुकूम एकासाठी होता," मी म्हणालो.

"मग त्येच्या कानात सांगायचंस! आता ऐक. ती खुर्ची हाय, फेटा हाय, जाऊन बस. न्हायतर तोंड मिटून खेळ." मग तो सुभेदाराकडे वळून ओरडला, "आणि अण्णा, तुम्ही वाट कसली देताय? ह्यो बी पेन्शनीत, तुम्ही बी पेन्शनीत!"

"व्हय, पन पायच उचलंना वो," सुभेदार म्हणाला.

मी खुर्चीकडे गेलो नाही. उत्तरार्धात एक शब्दही बोललो नाही. ही शिस्त मला जड गेली. शेवटी चेंडू पुन्हा माझ्याकडे आला आणि समोर तोच सुभेदार आला. त्याने क्षणभर डोळे मिटले आणि पाय घातला. मी भाताच्या धसकटांत तोंडावर पडलो.

"साहेब, माफी असावी—"

"माफी कसली मागताय?" मागून आमच्याच गोलमधून आवाज आला. "चेंडू घ्या आन् पळा!"

सुभेदार पळाला. मी गरजेपेक्षा थोडा अधिक वेळ तसाच पडून राहिलो. ऊन कोवळे होते.

आमची बाजू हरली. बूट काढताना सोबत्याने निकाल सांगितला, "पुढच्या रविवारी तू राखीव. दम न्हाय तुझ्यात." सुभेदारासकट कुणीही हरकत घेतली नाही.

घरी पत्नीने गुडघ्याला हळदीचा लेप लावताना विचारले, "एवढं हसायला काय झालंय?"

मी हसत नव्हतो. बूट धुऊन उन्हात ठेवले. राखीव खेळाडूलाही वेळेवर जावे लागते.