निर्मळ घराणं

"आमच्या घराण्यात कुणाच्या अंगावर साधा डाग सापडायचा नाही," असं अण्णा म्हणायचे, आणि समोरच्याने मान डोलवावी म्हणून थांबायचे. गिऱ्हाईक डोलवायचं, शेजारी डोलवायचे. सून तेवढी डोलवत नसे. लग्न ठरवताना याच माणसाने तिच्या आईला विचारलं होतं, "मुलीच्या अंगावर कोड-बीड काही नाही ना? नंतर कटकट नको." त्या दिवशीच तिने सासऱ्याला मनातल्या मनात एका कोपऱ्यात बसवून टाकलं, आणि अकरा वर्षांत तिथून उठवलं नाही.

ती शिलाई कारखान्यात तपासनीस होती. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलर, काजं, बगला बोटांनी चाचपायच्या, आणि टाका चुकला असेल तर शिवणारीच्या अंगावर परत फेकायचा. तिच्या जिभेमुळे तिथल्या बायका तिला कात्री म्हणत. तिला ते माहीत होतं आणि नाव बरोबरच आहे असं तिचं मत होतं.

घर अण्णांच्या चष्म्याच्या दुकानामागे होतं. तीन ओलसर खोल्या, भिंतींना भेगा, आणि मागच्या दाराला लागून शेजाऱ्याच्या शेळ्यांचा गोठा. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. नवरा दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवायचा. स्वभावाने इतका गरीब, की फ्रेम सैल झाली तरी आधी स्वतः माफी मागायचा.

तीन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात नवराबायको दोघंही तापाने पडली. ताप उतरेना, पोट फुगलं, अंग काळवंडलं. सरकारी दवाखान्यात निदान झालं, काळा आजार. वाळूमाशी म्हणून डासाहून बारीक माशी असते, ओलसर भेगांत राहते, ती चावली की त्याचे जंतू रक्तात जातात. इंजेक्शनं घेऊन दोघंही खडखडीत बरी झाली. ती तशीच राहिली. नवऱ्याच्या मात्र पावणेदोन वर्षांनी ओठांखाली फिकट ठिपके उमटले. मग ते हनुवटीवर पसरले आणि नाकाच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी आल्या.

"हे तुझ्या माहेरचं," अण्णांनी जेवताना निकाल दिला.

"माझ्या माहेरचं असतं तर माझ्या तोंडावर आलं असतं. तुमच्या मुलाच्या तोंडावर कशाला येईल?"

"तू आणलंस, त्याला लागलं."

"मग मी चांगलीच दानशूर म्हणायची. सगळं देऊन टाकलं, स्वतःला काही ठेवलं नाही."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मुलाला पुढच्या काउंटरवरून उठवून मागे काचा घासायच्या यंत्रावर बसवलं. "गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड न्यायचं काम आहे. लोक महारोग म्हणतील," ते म्हणाले, तेही गिऱ्हाइकासमोर. नवरा मुकाट्याने उठला. मग अण्णांच्या एका मित्राने घरगुती मलम दिलं. चार महिने ते लावून उशीचे अभ्रे तेवढे तुकतुकीत झाले. शेवटी तिने कारखान्यातून अर्धी रजा टाकली आणि नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांवरून कापूस फिरवला. "कळतंय?"

"कळतंय. गुदगुल्या होतायत."

"मग महारोग वाटत नाही, त्यात डाग बधिर होतात. तरी तपासून घेऊ." त्यांनी हनुवटीवरचा कातडीचा कण काढून तपासायला पाठवला. तीन दिवसांनी त्यात काळ्या आजाराचेच जंतू निघाले. पोटातून, रक्तातून हुसकावलेले काही कातडीत लपून राहिले होते, आणि शरीर आता तिथे त्यांच्याशी भांडत होतं.

"ताप मलाही आला होता. औषध तेच, इंजेक्शन तेच. मला का नाही?" तिने विचारलं.

"सगळं कळलंय असं नाही," बाई म्हणाल्या. "पण काही घराण्यांत हे जास्त दिसतं. जंतूंशी लढायची शरीराची रीत आईबापांकडून येते. कुणाची लढाई पुरी होते, कुणाची कातडीत अर्धवट राहते. तुमच्या नात्यात कुणाला असे डाग होते?"

"कुणालाच नाही," नवरा पटकन म्हणाला. "अण्णा म्हणतात, आमचं घराणं निर्मळ आहे."

"आमच्याकडे यावर अभ्यास चालू आहे. रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांचं रक्त हवं, पाठ-छातीही बघावी लागेल. आणि एक लक्षात ठेवा. असे डाग असलेल्या माणसाला माशी चावली तर तीच माशी पुढे दुसऱ्याला आजार देऊ शकते. म्हणून डाग दुखत नसले तरी औषध घ्यायचंच."

रविवारी डॉक्टरीणबाई अभ्यासाची मंडळी घेऊन घरी आल्या. अण्णांची थोरली बहीणही आली. या आत्याबाईंना गुडघे आणि भाऊ सोडून कशाचा त्रास नव्हता. त्यांनी रक्त दिलं, नवऱ्याने दिलं, आठ वर्षांच्या मुलीने डोळे मिटून दिलं. अण्णांनी हात पुढे केला, पण शर्ट काढायला सांगितल्यावर खुर्चीत ताठ झाले.

"मी काय जनावर आहे का, उघडं करून बघायला? तपासायचं तर हिच्या माहेरी जा. आमच्याकडे तीन पिढ्यांत..."

"आणि मोठे काका रे?" आत्याबाईंनी विचारलं.

"कोण मोठे काका?"

"असा विसरू नकोस. ताप येऊन गेल्यावर दोन वर्षांनी त्यांचं तोंड भरलं गाठींनी. बाबांनी मागच्या खोलीत ठेवलं, ताट दाराखालून सरकवायचे. तू दहा वर्षांचा होतास. ते सरकवायचं काम तुझंच होतं."

अण्णा भिंतीकडे बघायला लागले. आत्याबाईंनी सोडलं नाही. "आणि तुला विषमज्वर झाला म्हणून सांगतोस, तो काय विषमज्वर होता? तुझी बायको तुझी पाठ बघून माझ्यापाशी रडली होती. सतरा वर्षं झाली असतील."

कात्री उठून अण्णांसमोर उभी राहिली. "काढा शर्ट."

"सुनेने सासऱ्याला असं..."

"मी सून म्हणून बोलत नाहीये. रोज दोनशे शर्ट बघते मी. काढा."

त्यांनी बटणं सोडली, शर्ट-बनियन उतरवलं. पाठीवर खांद्यांपासून कमरेपर्यंत फिकट डागांचा नकाशा पसरला होता. छातीवरही तसंच. मुलाला काउंटरवरून उठवताना, सुनेचं माहेर काढताना हा माणूस हे सगळं शर्टाखाली घेऊन बसला होता. तिला राग येईल असं तिला वाटलं होतं, पण राग यायला समोर काहीतरी मोठं लागतं. समोर एक घाबरट म्हातारा बनियन शोधत होता.

"म्हणजे आमच्या घरात माशीला आजार दिला तो यांनीच?" तिने विचारलं.

"तसं खात्रीने सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नसेल येत."

बापलेक दोघांनाही बारा आठवडे गोळ्या सुरू झाल्या. नवऱ्याला मळमळायचं, तो गप्प सोसायचा. अण्णांना उलटी झाली की अख्खी गल्ली जागी व्हायची, आणि बाहेर ते सांगायचे, पित्त उठलंय. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गोळी मोरीत टाकली. तिने ती उचलली, फेकून दिली आणि नवी पुढे ठेवली. "गिळा. आणि तोंड उघडून दाखवा." तेव्हापासून रोज जेवणानंतर त्यांना लहान मुलासारखं तोंड उघडावं लागे. शेवटच्या गोळीपर्यंत तिने एकही दिवस चुकू दिला नाही. माया म्हणून नव्हे, घरात मुलगी झोपत होती म्हणून.

नवऱ्याच्या गाठी आधी बसल्या, मग वर्षभरात ठिपके रंग धरू लागले. अण्णांच्या पाठीवरचे डागही हळूहळू पुसट झाले. मधे, रक्त दिल्यावर आठ-नऊ महिन्यांनी, दवाखान्यातून कळवलं, की घराण्यातल्या डाग आलेल्यांच्या रक्तात काही वारशाने आलेले फरक सापडलेत. पण एकट्यादुकट्या माणसाबद्दल त्यावरून भविष्य सांगता येत नाही. मुलीला लांबलेला ताप आला तर लगेच आणा, एवढंच.

अण्णांनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. "आमच्या रक्तावर संशोधन चाललंय," ते गिऱ्हाइकांना सांगू लागले. "साध्यासुध्या घराण्याचं नाही घेत." गिऱ्हाईक मान डोलवायचं.

"जाऊ दे गं, म्हातारा माणूस आहे," नवरा म्हणाला.

"तुझ्या या 'जाऊ दे'मुळेच तू वर्षभर काचा घासल्यास," ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिने कारखान्याजवळ दुसऱ्या मजल्यावर दोन कोरड्या खोल्या बघितल्या. नवऱ्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून माळ्यावरून ट्रंक उतरवली, हे मात्र तिला अनपेक्षित होतं. निघताना त्याने बापाला सांगितलं, "उद्यापासून मी पुढे बसणार. काचा घासायला माणूस ठेवा."

सुनेने घर फोडलं असं आता ते सगळीकडे सांगतात. तिच्या कानावर येतं. आत्याबाई सुट्टीत नव्या घरी राहायला आल्या तेव्हा तिने त्यांना मोठ्या काकांचं नाव विचारलं. त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं, आठवेना. घरात मोठ्या काकांना नावाने कुणी हाकच मारली नव्हती.