खंडेनवमीचा फ्लास्क

ओकुदाइरांना सर म्हणायचे ते मी एकटीच. येना शहरातल्या आमच्या केमिस्ट्री इन्स्टिट्यूटमध्ये ते प्रोफेसर नव्हते, कधी झालेच नाहीत. दोन वर्षांसाठी म्हणून जपानहून जर्मनीत आलेला हा माणूस एकतीस वर्षं राहिला. आधी लुडविग्सहाफेनला रंगांच्या कारखान्यात, मग येनात. लग्न केलं नाही. सुरुवातीला मला त्यांचा वैतागच यायचा. मी पिपेट कुठेही टाकली की ते काही न बोलता उचलून जागेवर ठेवायचे, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

लहानपणी खोकला झाला की त्यांची आई एका झाडाची साल उकळून द्यायची. त्या सालीतला औषधी पदार्थ स्वतःच्या हातानं बनवायचा, एवढा एकच ध्यास. अकरा वर्षं आणि सव्वीस पायऱ्यांनंतर हाती आला एक चिकट, पिवळसर थेंब. त्याचे स्फटिक झाले असते तर तो पदार्थ हाच, असं सिद्ध झालं असतं. त्यासाठी फ्लास्क न हलवता ठेवून द्यायचा आणि वाट बघायची. पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. हे सगळं मला नंतर कळलं, हेच तर दुखणं आहे.

२००६ची खंडेनवमी रविवारी आली. माझं पीएचडीचं पहिलंच वर्ष, घरच्या आठवणीनं जीव कासावीस झालेला. इचलकरंजीला बाबांचं लेथचं वर्कशॉप. या दिवशी पाने-कानशी घासून त्यांना हळदकुंकू लावायचं काम माझं. म्हटलं, आता आपली हत्यारं हीच. रिकाम्या लॅबमध्ये मी दिसेल ती काच धुवत सुटले. खिडकीतल्या एका छोट्या फ्लास्कच्या तळाला काहीतरी चिकटलं होतं, लेबलवर नुसता आकडा आणि मार्चची तारीख. सहा महिन्यांची घाण, म्हणून मी नाक मुरडलं. लेबल खरवडून काढलं, अॅसिटोननं दोनदा विसळला, लख्ख पुसला आणि कुंकवाचं बोट लावलं. स्वतःवरच खूश होते मी, मूर्ख कुठली.

सोमवारी सर तो फ्लास्क हातात धरून उभे होते. त्यांनी कुंकवाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मी उत्साहानं सगळी खंडेनवमी सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "माझे वडीलही वर्षअखेरीला हत्यारं धुवायचे. पुढ्यात तांदळाची वडी ठेवायचे." आणि फ्लास्क माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच ठेवा, वल्लरी-सान. पूजेचा आहे."

त्यात काय होतं ते दुपारी मेन्झामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, मल्हारनं सांगितलं. तोही पीएचडीचाच, सरांच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. ताट तसंच टाकून मी उठले. धावत जाऊन सरांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "पुन्हा करू." मी आठवडाभर संचालकांच्या बोलावण्याची वाट बघत होते. स्कॉलरशिप जाणार हे धरूनच चालले होते. बोलावणं आलंच नाही.

सर पुन्हा पहिल्या पायरीपासून लागले. त्या हिवाळ्यात सेमिनारला कोणीतरी म्हणालं, ओकुदाइरांचे हात आता कापतात, वय झालं. सर खाली बघत बसून राहिले. मला संताप आला, पण लोक असं का म्हणतात ते कळलं नाही. मार्च आला तेव्हा ते सतराव्या पायरीवर होते. लॅबची किल्ली देऊन गेले.

२००९च्या जानेवारीत ते येनातच वारले. प्रयोगांच्या वह्या माझ्या नावे ठेवल्या होत्या. फसलेला प्रयोग, सांडलेला थेंब, सगळं जसंच्या तसं लिहिणारा माणूस. मी भीत भीत त्या सोमवारचं पान काढलं. जर्मनमध्ये दोन ओळी होत्या: 'खिडकीतला फ्लास्क माझ्या हातून पडून फुटला. निष्काळजीपणा माझा.' खाली सही, आणि तपासल्याची संचालकांची सही.

तेव्हा कुठे मला ते कापणारे हात कळले. मी खुर्चीत बसून पोटभर रडले. इतक्या वर्षांच्या त्या वह्यांमध्ये खोटं असं तेवढंच लिहिलेलं आहे. फ्लास्क माझ्या कपाटात आहे. त्याला साधा तडाही गेलेला नाही.