बर्फात गेलेलं रक्त

प्राजक्ताविषयी दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मला विज्ञान फारसं कळत नाही. पण मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावातली ही मुलगी मी तिच्या लहानपणापासून पाहत आलो आहे.

ती अमरावतीला संशोधन करते. रक्तात काही पेशी अशा असतात, की बिघडलेली पेशी दिसली की त्या तिला तिथंच संपवतात. त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. म्हातारपणी त्यांचं काय होतं, हे तिला शोधायचं होतं. एकेका पेशीतली हजारो जनुकं यंत्र एकदम वाचतं. फक्त पेशी धडधाकट पोचायला हव्यात.

मे महिन्यात आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांनी रक्त दिलं. ते न्यायला तिचे काका पुंजाराम यांची गाडी होती. प्राजक्ता तयारीसाठी पुढे गेली होती. जाताना "रक्ताच्या डब्याला ऊन लागू देऊ नका," एवढंच काकांना म्हणाली. गाडीतल्या एसीवर काकांचा भरवसा नव्हता. त्यांनी वाटेत रसवंतीवरून बर्फ घेतला आणि डब्यातल्या रक्ताच्या नळ्या त्यात पुरल्या.

"एवढ्या उन्हात दूध नासते, मंग रक्त कसं टिकन?" असं त्यांचं म्हणणं.

पण या पेशींना गारठा सोसत नाही. अमरावतीत डबा उघडल्यावर तिच्यासोबत काम करणारा शेखर म्हणाला, "चालवून घे. कुणाले कळणार हाये?"

"मग आपण म्हातारपण वाचायचं का बर्फ?" असं म्हणून तिनं सगळ्या नळ्या बाद केल्या. यंत्राची तारीख आठवड्यावर आली होती. ती हुकली तर काम वर्षभर लांबणार होतं.

परवानग्या काढून ती पुन्हा गावात आली. शाळेच्या व्हरांड्यात आम्हाला म्हणाली, "तुमचं रक्त वाया गेलं. मी नीट सांगितलं नव्हतं." काकांचं नाव तिनं काढलं नाही.

रक्त देणाऱ्यांतल्या बेबीताई भडकल्या. "आमी काय गाई हाव काय वं, सकाळ-सांजी दोहाले?"

दोघंतिघं उठून चालू लागले. तेव्हा काका पुढे आले. "बर्फ म्या टाकला, बेबीताई. पोरीले बोलू नोका."

"तरीच! रसवंतीच लावा मंग तुमी, भाऊ!" बेबीताईंनी बांगड्या वर सारल्या. "घे वं. पण डबा याईच्या हाती देऊ नोको."

"काकाच नेतील," प्राजक्ता म्हणाली. "आता त्यांच्याएवढं जपून कुणी नेणार नाही."

उठलेले परत बसले. काकांनी मान खाली घातली आणि निघताना एसी किती ठेवायचा ते तिला तीनदा विचारलं.

दुपारी त्यांचाच फोन आला, बेबीताईंना. "जित्या हायेत सगळ्या पेशी, बेबीताई," ते म्हणाले.